एका डोंगराचा करारनामा

सरकारी नोकरीत काही वर्षे काढलेल्या माणसाला एका विशिष्ट प्रकारच्या फाइलीची ओळख करून द्यावी लागत नाही. एका खात्याला रस्ता, धरण किंवा वसाहत हवी असते. दुसरे खाते त्याच जमिनीवरील रानाचे आणि रानातल्या जिवांचे पालक असते. दोन्ही खात्यांची टिपणे आपापल्या परीने निर्दोष असतात. फाइल खाली-वर फिरत राहते, मध्यंतरी अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, आणि अखेरीस कोणी वरिष्ठ ‘उभयपक्षी मान्य होईल असा मार्ग काढावा’ असा शेरा मारून ती खाली पाठवतो. तो मार्ग कोणी काढावयाचा, आणि काढल्यावर त्याची राखण किती वर्षे व कोणी करावयाची, हे त्या शेऱ्यात लिहिलेले नसते.

हा उभयपक्षी मार्ग थेट कायद्याच्या कलमात बसवण्याचा एक ठळक प्रयोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. ‘अधिवास संरक्षण योजना’ या नावाने तो तेथे ओळखला जातो. त्याचा आरंभ कॅलिफोर्नियातील एका लहानशा डोंगरावर, इंचभर आकाराच्या एका निळ्या फुलपाखरापायी झाला. त्यास आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला असून जमा-खर्च मांडता येईल इतका पुरावा साचला आहे. तो इतिहास क्रमाने सांगावा आणि अंमलबजावणीच्या कामात आयुष्य घालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातून काय उचलावे ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम मूळ कायद्याकडे वळू. २८ डिसेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ‘संकटग्रस्त प्रजाती अधिनियमा’वर स्वाक्षरी केली. त्याच वर्षी जुलैत सेनेटने आपल्यापुढील विधेयक ९२ विरुद्ध शून्य अशा मतांनी संमत केले होते. अशा सर्वसंमतीचे कारण उघड आहे. मत देणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे राष्ट्रचिन्ह असलेला गरुड, अस्वल, देवमासा असे भव्य प्राणी होते. त्यांच्या विरुद्ध मत देण्यास कोण धजणार? परंतु कायद्याचे शब्द व्यापक होते. कोणत्याही सरकारी खात्याने यादीतील प्रजातीचे अस्तित्व धोक्यात येईल असे काम करू नये, हे एक कलम. आणि कोणाही व्यक्तीने अशा प्राण्यास मारू नये, पकडू नये, इजा करू नये, त्रासही देऊ नये, हे दुसरे. १९७५ साली केलेल्या नियमाने ‘इजा’ या शब्दाचा अर्थ आणखी विस्तारला. ज्या जागेवर तो प्राणी जगतो ती जागा उद्ध्वस्त करून त्याचा जीव घेणे, हीही इजाच ठरली. किडा असो वा मासा, कायद्याने भव्य आणि क्षुद्र असा भेद केला नव्हता. आणि विकासकामासाठी सवलत देणारे कलमही त्यात ठेवलेले नव्हते.

या कायद्याची पहिली मोठी कसोटी टेनेसी राज्यात लागली. महामंदीच्या काळात, १९३३ साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या ‘टेनेसी खोरे प्राधिकरणा’चे नाव आपल्याकडे अपरिचित नाही, आपले दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली त्याच नमुन्यावर उभे राहिले. या प्राधिकरणाने १९६७ साली लिटल टेनेसी नदीवर टेलिको नावाचे धरण बांधावयास घेतले. आजूबाजूच्या नद्या पूर्वीच अडवल्या गेल्या होत्या. मोकळ्या वाहत्या पाण्याचा एवढाच पट्टा तेथे उरला होता. धरणाला स्वतःची जनित्रे नव्हती. पाणी कालव्याने शेजारच्या जलाशयात वळवावयाचे आणि तळ्याकाठी नवे नगर व कारखाने वसवावयाचे, हा मुख्य लाभ मानला होता. त्यासाठी तीनशेहून अधिक कुटुंबांची जमीन गेली. चेरोकी लोकांच्या प्राचीन गावांची स्थळे पाण्याखाली जाणार होती. ज्यावरून टेनेसी हे राज्याचे नावच पडले ते तानासी हे त्यांपैकी एक.

ऑगस्ट १९७३ मध्ये डेव्हिड एटनियर या प्राणिशास्त्रज्ञाला या नदीच्या उथळ, खडकाळ पात्रात गोगलगाईंवर जगणारा एक लहान मासा सापडला. जेमतेम तीन इंच लांबीचा हा ‘स्नेल डार्टर’ १९७५ साली संकटग्रस्तांच्या यादीत गेला. हायरम हिल हा कायद्याचा विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक झिग्मंट प्लेटर यांनी न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली, वरच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सरकारतर्फे खुद्द ॲटर्नी जनरल ग्रिफिन बेल उभे राहिले. एवढ्याशा जिवासाठी एवढे मोठे काम अडले आहे, हे दाखवण्याकरिता त्यांनी त्या माशाचा एक नमुना बाटलीत घालून न्यायालयात आणला होता. धरण तोवर जवळजवळ पुरे झाले होते.

१५ जून १९७८ रोजी सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताचा निर्णय वाचला. तो माशाच्या बाजूने होता. कायद्याने खर्चाचा विचार करण्यास सांगितलेले नाही. प्रजाती वाचवण्यास सर्वोच्च स्थान दिले आहे. ते शहाणपणाचे आहे की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे, असा त्याचा आशय. कायद्याच्या शब्दाला इतकी निखळ निष्ठा क्वचितच पाहावयास मिळते.

परंतु पुढे जे घडले ते या इतिहासातील पहिला धडा होय. त्याच वर्षी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून सात जणांची एक उच्चाधिकार समिती निर्माण केली. एखाद्या कामाचे महत्त्व फारच मोठे असेल तर प्रजातीचा बळी देण्याची मुभा तिला होती. म्हणून लोक तिला थट्टेने ‘देवांचे पथक’ म्हणू लागले. या समितीने जानेवारी १९७९ मध्ये टेलिकोचा हिशेब तपासला आणि एकमताने सवलत नाकारली. धरण जवळजवळ बांधून झाले असले तरी उरलेला खर्च आणि जाणारी जमीन पाहता ते पुरे करणे परवडत नाही, असे खुद्द अर्थशास्त्र्यांनी सांगितले. मासा दुसऱ्यांदा जिंकला. मग जूनमध्ये प्रतिनिधिगृहात खर्चाच्या एका विधेयकाला, सभागृहाचे लक्ष जाण्यापूर्वीच, एक लहानशी पुरवणी जोडली गेली: इतर कोणताही कायदा काही म्हणो, टेलिको धरण पुरे करावे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी २५ सप्टेंबर १९७९ रोजी अनिच्छेने त्यावर सही केली आणि २९ नोव्हेंबरला धरणाचे दरवाजे बंद झाले. मासा मात्र नष्ट झाला नाही. काही मासे दुसऱ्या नदीत सोडले होते, इतर प्रवाहांतही तो सापडला, आणि २०२२ साली तो यादीतून निघाला. तो मुळात वेगळी प्रजातीच नव्हे, असा दावा करणारे संशोधनही २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. असो. सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आणि तज्ज्ञांचे एकमत या दोहोंना अंदाजपत्रकातील एका पुरवणीने निष्प्रभ केले, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. ज्या भिंतीला दरवाजाच नसतो तिला लोक भगदाड पाडतात, हे त्या वेळी दोन्ही पक्षांना कळून चुकले.

आता आपण त्या डोंगराकडे येऊ.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दक्षिण सीमेला लागून सॅन ब्रूनो नावाचा डोंगर आहे. उंची १३१४ फूट. चारी बाजूंनी वस्ती चढत आली असली तरी मध्ये गवताचे उतार शिल्लक राहिलेले. १९६० च्या दशकात या डोंगराचा माथा छाटून त्या मातीने शेजारचा उपसागर भरावा, अशी एक योजना पुढे आली होती. टेकड्या फोडून खाड्या बुजवलेल्या मुंबईच्या माणसाला हा विचार फारसा नवलाचा वाटणार नाही. नागरिकांच्या विरोधाने ती बारगळली. पुढच्या दशकात जमीनमालकांनी उतारांवर हजारो घरे बांधण्याचा बेत आखला. ‘डोंगर वाचवा’ म्हणणारी नागरिकांची समिती, जिल्ह्याचे प्रशासन आणि मालक यांच्यात दीर्घ झगडा झाला, आणि डोंगराचा मोठा भाग सार्वजनिक उद्यानासाठी राहून उरलेल्या भागावर बांधकाम व्हावे, असे ठरत आले. वाद मिटला असे वाटत असतानाच त्यात फुलपाखरू शिरले.

‘मिशन ब्लू’ हे त्याचे नाव. सॅन फ्रान्सिस्कोमधील मिशन विभागाजवळच्या ट्विन पीक्स टेकड्यांवर ते प्रथम आढळले म्हणून. नराचे पंख निळे, रुपेरी झाक असलेले. मादी ल्युपिन नावाच्या रानझुडपाच्या पानांवर अंडी घालते आणि अळी त्यावाचून दुसरे काही खात नाही. त्या अळीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या तिच्याभोवती जमतात आणि शत्रूंपासून तिचे रक्षण करतात. म्हणजे ल्युपिन गेले की अळी गेली, आणि गवताचा मोकळा उतार गेला की ल्युपिन गेले. जून १९७६ मध्ये हे फुलपाखरू संकटग्रस्तांच्या यादीत आले होते, आणि त्याची जगातील सर्वांत मोठी वस्ती नेमकी या डोंगरावर, घरे बांधावयाच्या उतारांवरही होती. एक बुलडोझर फिरला तरी कायद्याचा भंग होणार होता. टेलिकोनंतर आलेली ‘देवांचे पथक’ ही सोय सरकारी कामांपुरती होती; खाजगी मालकाला तेवढाही दरवाजा नव्हता.

येथे दोन वाटा होत्या. मालकांनी न्यायालयात वर्षानुवर्षे भांडत राहावे, किंवा कोणी चुपचाप ल्युपिनची झुडपे उपटून टाकावी आणि ‘येथे फुलपाखरू नाही’ असे म्हणावे. १९८० च्या सुमारास सर्व पक्ष एका टेबलाभोवती बसले: मालक, त्यांचे वकील, जिल्हा प्रशासन, भोवतालची लहान शहरे, नागरिकांची समिती आणि वन्यजीव खात्याचे अधिकारी. तपशील ठरवण्यापूर्वी मोजणी करावयाची, असे ठरले. कीटकतज्ज्ञांनी दोन वर्षे डोंगर पायांखाली घातला. फुलपाखरे पकडून, पंखांवर खुणा करून, सोडून, पुन्हा पकडून त्यांची संख्या आणि फिरस्ती अजमावली. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. डोंगरावर एकही घर बांधले नाही तरी फुलपाखरू सुरक्षित नव्हते. गुरांची चराई थांबलेली, वणवे आटोक्यात आलेले. त्यामुळे गवताच्या उतारांवर झुडपे चढू लागली होती. त्यात युरोपातून आलेले गॉर्स नावाचे पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप ल्युपिनला गिळत होते. राखणीला पैसा लागणार होता आणि तो कोणाकडेच नव्हता.

तडजोड याच ठिकाणी झाली. मिशन ब्लूच्या अधिवासापैकी सुमारे १४ टक्के भागाला बांधकामाची झळ पोहोचेल. उरलेला मोकळा राहील. आणि बांधलेल्या प्रत्येक घराकडून दरवर्षी वीस डॉलर, व व्यापारी इमारतींकडून क्षेत्रफळानुसार, डोंगराच्या देखभालीसाठी कायमची वर्गणी घेतली जाईल. त्यातून वर्षाला सुमारे साठ हजार डॉलर उभे राहावेत, असा अंदाज होता. घर बांधणाऱ्यालाच फुलपाखराचा पालक करण्याची ही कल्पना होती.

अडचण इतकीच की असा करार मान्य करण्याचा अधिकार कायद्याने कोणालाच दिलेला नव्हता. तेव्हा ऑक्टोबर १९८२ मध्ये कायदाच दुरुस्त करण्यात आला. अन्यथा वैध असलेल्या कामाच्या ओघात, उद्देश नसताना होणाऱ्या हानीसाठी परवाना मिळू लागला. अट अशी की अर्जदाराने अधिवास संरक्षण योजना सादर करावी, हानी शक्य तितकी टाळावी व भरून काढावी, त्यासाठी पुरेसा पैसा आहे याची हमी द्यावी, आणि त्या प्रजातीच्या तगण्याची व सावरण्याची शक्यता लक्षणीय प्रमाणात कमी होऊ नये. काँग्रेसच्या अहवालात सॅन ब्रूनोचा नमुना म्हणून निर्देश झाला. मार्च १९८३ मध्ये त्या डोंगराला देशातील अशा प्रकारचा पहिला परवाना, तीस वर्षांच्या मुदतीचा, मिळाला. या करारावर समाधान न झालेल्या काही निसर्गप्रेमींनी खटला भरला. १९८५ साली अपील न्यायालयाने परवाना कायम केला.

दुसरा प्रयोग दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेस शंभर मैलांवर असलेल्या कोचेला खोऱ्यात झाला. पाम स्प्रिंग्ज हे तेथले विख्यात विश्रामस्थान. वाळवंटात हॉटेले, बंगले आणि गोल्फची मैदाने झपाट्याने पसरत होती. या खोऱ्यातील वाऱ्याने उडणाऱ्या बारीक वाळूत एक सरडा राहतो. त्याच्या पायाच्या बोटांना झालरीसारखे खवले असतात, त्यायोगे तो मऊ वाळूवर धावतो आणि संकट आले की वाळूत बुडी मारतो. १९८० साली तो यादीत आला, आणि १९८६ मध्ये त्याच्यासाठी योजना मंजूर झाली. नव्या बांधकामावर एकरी सहाशे डॉलर आकारावयाचे, सरकारी व खाजगी मदत त्यात घालावयाची आणि तीन राखीव क्षेत्रे निर्माण करावयाची. हिशेब स्वच्छ होता. सर्वांत मोठे क्षेत्र ताडांच्या एका रम्य मरूद्यानाभोवती आखले गेले.

परंतु वाळू स्थिर नसते, ही गोष्ट त्या नकाशात पुरेशी उतरली नव्हती. डोंगरांतून पुराच्या पाण्याबरोबर वाळू ओढ्यांच्या पात्रात येते. पात्र वाळले की वारा ती उचलतो आणि खोऱ्यात नेऊन टाकतो. तेथूनही ती पुढे उडून जाते. टेकडी जागच्या जागी दिसते ती केवळ जाणाऱ्या वाळूच्या जागी नवी वाळू येते म्हणून. पुढील अभ्यासात दिसून आले की राखीव क्षेत्रात वाळू होती, पण त्या वाळूचा उगम आणि वाट यांचा महत्त्वाचा भाग कुंपणाबाहेर राहिला होता. त्या वाटेवर इमारती उभ्या राहिल्या असत्या तर सरडा आपल्या कायदेशीर घरात बसून हळूहळू बेघर झाला असता. चूक सुधारण्यासाठी पुन्हा जमीन घ्यावी लागली. २००८ साली जी मोठी योजना त्या जागी आली ती सुमारे अकरा लक्ष एकरांच्या प्रदेशाची, सत्तावीस प्रजातींची आणि पंचाहत्तर वर्षांची आहे. वाळूच्या वाटांनाही तीत स्थान मिळाले. सरड्याचे घर म्हणजे केवळ त्याच्या पायाखालची जमीन नव्हे, हे समजण्यास एक पिढी लागली.

एकेका प्राण्यासाठी एकेक योजना पुरणार नाही, हे कॅलिफोर्नियात १९९० च्या सुमारास स्पष्ट झाले. सॅन डिएगोपासून लॉस एंजेलिसपर्यंतच्या किनाऱ्यालगत सुगंधी झुडपांचे एक खुरटे रान होते, आणि देशातील अत्यंत महाग जमीन नेमकी तीच होती. त्या रानात चिमणीहून लहान, राखी रंगाचा, मांजराच्या पिलासारखा आवाज काढणारा नॅटकॅचर नावाचा पक्षी राहतो. तो यादीत गेला तर सारे बांधकाम ठप्प होईल, या भीतीपोटी राज्याने १९९१ साली स्वतःचा कायदा करून संपूर्ण प्रदेशाचे एकत्र नियोजन करण्याचा मार्ग काढला. मार्च १९९३ मध्ये पक्षी यादीत गेला. तथापि अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी अशा प्रादेशिक नियोजनात सामील होणाऱ्यांना सवलत देणारा खास नियमही त्याबरोबरच केला. त्यातून १९९७ साली सॅन डिएगोची योजना आकारास आली. ५,८२,००० एकरांचा प्रदेश, त्यात १,७२,००० एकरांचे जोडलेले राखीव रान, ८५ प्रजाती, पन्नास वर्षांची मुदत. तुटक तुकड्यांऐवजी टेकडीपासून दरीपर्यंत सलग पट्टे राखावे आणि इतरत्र बांधकामास मोकळीक द्यावी, हे या नियोजनाचे सूत्र. केवळ तत्त्व म्हणून पाहता याहून समंजस काही सुचवणे कठीण आहे.

आता या इतिहासातील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे येतो. १९८२ पासूनच्या पहिल्या दहा वर्षांत देशभरात असे अवघे चौदा परवाने दिले गेले होते. मालक पुढे येत नव्हते, आणि त्यांची शंका रास्त होती. आज निम्मी जमीन सोडून द्यावयाची, कर्ज काढून उरलेल्या जमिनीवर घरे बांधावयाची, आणि दहा वर्षांनी सरकारने ‘फुलपाखराचे भागत नाही, आणखी जमीन द्या’ म्हटले तर? म्हणून ऑगस्ट १९९४ मध्ये सरकारने एक अभिवचन दिले. योजना नीट पाळणाऱ्या परवानेधारकाकडून, पुढे परिस्थिती अनपेक्षितपणे बदलली तरी, मुदत संपेपर्यंत जादा जमीन वा जादा पैसा मागितला जाणार नाही. या धोरणाला ‘आकस्मिक काही नाही’ असे नाव पडले. १९९८ साली ते नियमात आले. त्याचा परिणाम तात्काळ झाला. शतकाच्या अखेरीस परवान्यांची संख्या दोनशेच्या वर गेली.

अंमलदाराच्या दृष्टीने पाहिले तर हे अभिवचन आवश्यकच होते. शब्द फिरवणाऱ्या सरकारशी कोणी करार करत नाही. परंतु त्याचा दुसरा अर्थही तितकाच खरा होता. बिल्डरला आकस्मिकापासून मुक्त केले म्हणून आकस्मिक घडावयाचे थांबले नाही; फक्त त्याचे बिल दुसऱ्याच्या नावे गेले. तो दुसरा म्हणजे सरकारी तिजोरी, आणि तिजोरीत पैसा नसेल तर तो पक्षी, तो सरडा, ते फुलपाखरू. करारावर मालकाची सही होती, सरकारची होती. तिसऱ्या पक्षाची नव्हती, आणि त्याने काहीही न घडण्याचे वचन दिलेले नव्हते.

घडावयाचे ते घडतच राहिले. १९९९ साली अनेक विद्यापीठांतील अभ्यासकांनी अशा २०८ योजनांचा आढावा घेतला आणि त्यांपैकी ४३ बारकाईने तपासल्या. पुष्कळ योजनांत त्या प्रजातीविषयीची मूलभूत माहितीच अपुरी होती, आणि योजनेचा उपयोग होत आहे की नाही हे पाहण्याची व्यवस्था दुबळी होती. ऑक्टोबर २००३ मध्ये सॅन डिएगो परगण्यात लागलेल्या एका वणव्यात सुमारे पावणेतीन लक्ष एकर जळाले; पक्ष्यासाठी राखलेल्या रानाचा काही भागही त्यात गेला. २००६ साली एका न्यायालयाने सॅन डिएगोच्या योजनेतील एक उणीव दाखवली. हिवाळी पावसात भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात सुकून जाणाऱ्या उथळ डबक्यांत जगणाऱ्या सात प्रजातींना योजनेने दिलेले संरक्षण नुसते कागदोपत्री आहे, असे म्हणून त्यांच्यापुरता परवाना रोखला गेला. खुद्द सॅन ब्रूनोवर वीस डॉलरांची वर्गणी तोकडी पडली. काटेरी झुडूप दरवर्षी वाढत होते आणि पैसा त्या मानाने वाढत नव्हता. १९९७ साली त्याच डोंगरावरील दुसरे एक फुलपाखरू, कॅलिप्पी, संकटग्रस्तांच्या यादीत आले, आणि २००९ मध्ये योजना दुरुस्त करून जादा निधीची सोय करावी लागली.

मग हा प्रयोग फसला असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. टेलिकोच्या निखळ निवाड्याच्या हाती अखेर तळ्याखाली गेलेले खोरे लागले. सॅन ब्रूनोच्या तडजोडीच्या हाती डोंगराचा बहुतांश भाग लागला आणि तो आजही मोकळा आहे. कोचेलाचा सरडा वाळूत बुड्या मारतो आहे. सॅन डिएगोत महागड्या जमिनीवर सलग रान उभे आहे. तत्त्वावर अडून बसले असते तर यांतील किती शिल्लक राहिले असते, हा प्रश्न टाळता येत नाही. पण तडजोड झाली त्या दिवशी काम संपले असे ज्या ज्या ठिकाणी मानले गेले, तेथे तेथे ती फसली. अधिवास ही मिळकत नाही, ती चालू असलेली क्रिया आहे. मिळकतीची वाटणी एकदा करून दप्तर बांधून ठेवता येते. चालू क्रियेची मात्र दरवर्षी मोजणी करावी लागते, चूक कबूल करावी लागते, आणि चूक सुधारण्यासाठी पैसा आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून अशी एखादी फाइल गेली असेल. आपल्या नोकरीची लय तीन वर्षांची, फार तर पाच वर्षांची. मंजुरीच्या पत्रावर आपली सही असते आणि अटींची यादी सोबत जोडलेली असते. पण त्या अटी पाळल्या गेल्या की नाहीत हे पाहावयाच्या वेळी आपण दुसऱ्याच राज्यात, दुसऱ्याच टेबलावर बसलेले असतो. यात कोणा एकाचा दोष नाही. व्यवस्थाच तशी आहे. म्हणूनच मंजुरीच्या वेळी विचारावयाचे प्रश्न कठोर असले पाहिजेत. मोजणी कोणी केली? पैसा कोणाच्या नावे, किती वर्षे? वाळू कोठून येते? आणि आपला अंदाज चुकला तर त्याची किंमत कोण मोजणार, हे कागदावर लिहिले आहे काय? हे चार प्रश्न टिपणात असतील तर पुढचा अधिकारी, तो कोणीही असो, काहीतरी हाती धरून उभा राहू शकतो.

शेवटी त्या डोंगराची एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. मिशन ब्लूला ज्या टेकड्यांमुळे नाव मिळाले त्या ट्विन पीक्सवरून ते जवळजवळ नाहीसे झाले होते. तेथे कोणी घरे बांधली नव्हती, जागा सार्वजनिकच होती. पण ल्युपिन क्षीण झाले होते. २००९ साली सॅन ब्रूनोवरून अंड्यांवर आलेल्या माद्या आणून तेथे सोडण्यात आल्या, आणि पुढेही तो प्रयत्न चालू राहिला. ज्या डोंगरावर तडजोड झाली त्यानेच फुलपाखराच्या मूळ घराला बियाणे पुरवले. त्यासाठी मात्र कोणालातरी आधी गॉर्सची झुडपे मुळासकट उपटावी लागली होती, आणि ती दरवर्षी पुन्हा उपटावी लागतात. करार सही होताच पुरा होतो. डोंगराची राखण तेथून सुरू होते.